तोंड बघून घराणं

सोलापुरात मी चार वर्षं ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिले, त्या घरमालकांनी मला खोली देण्याआधी पगार, गाव, जात यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात उभं केलं, हनुवटी जरा डावीकडे वळवायला सांगितली आणि माझं तोंड बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या घराण्यात कुणीतरी कोर्टात हरलंय."

मी म्हटलं, तसं काही माझ्या ऐकिवात नाही.

"नाकावर दिसतंय की. पण चालतंय. हरलेल्या घरातली माणसं टापटीप ऱ्हातात. खोली घ्या."

मी वडिलांना पत्रात सहज हे लिहिलं. उलट टपाली तीन पानं आली. आमच्या एका चुलत आजोबांनी बांधाच्या दाव्यात जमिनीचा चांगला तुकडा घालवला होता आणि वडील अजून त्या वकिलाला शिव्या देत होते. हे मी घरमालकांना सांगितलं, ती माझी चूक. पुढे चार वर्षं जो येईल त्याच्यासमोर माझं नाक पुरावा म्हणून दाखवलं गेलं. कोर्टात कधीच कुणी न हरलेलं घराणं शोधायला निघालं तर पायाचे तुकडे पडतील, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोलले नसते. खोली हवेशीर होती.

सगळी शुक्रवार पेठ त्यांना 'मालक' म्हणत असे, म्हणून मीही मालकच म्हणू लागले. साठीचा उंच माणूस, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, डोक्यावर काळी टोपी. पुढे भुसार मालाचं दुकान, मागे घर. ज्वारीच्या बाबतीत हा माणूस खरोखर पोचलेला होता. पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, हलकी फुंकर मारायची, आणि ही मंगळवेढ्याकडची, ही अक्कलकोटकडची, ह्याने मागच्या साली उरलेली यंदाच्या मालात मिसळलीय, असं सांगून टाकायचं. त्यांचं म्हणणं खोटं ठरल्याचं मी कधी पाहिलं नाही. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण ज्वारीत जमतं ते माणसांतही जमणार, असं त्यांनी केव्हातरी ठरवून टाकलं होतं.

त्यांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावत असे. एखाद्यात काही चांगलं दिसलं की 'हे बापाकडनं आलंय.' वाईट निघालं की 'हे आईकडनं.' जगातल्या यच्चयावत खोड्या, व्यसनं, तोतरेपणा आणि टक्कल हे आयांनी आणलेलं होतं. मालकांचे स्वतःचे गुडघे दुखत. तेही आईकडनं.

एकदा भगव्या कफनीतला एक माणूस दारात आला. विजापूरकडच्या कुठल्याशा मठातला म्हणाला. मालकांनी त्याला उजेडात धरलं आणि जाहीर केलं, "सात पिढ्या सात्त्विक. ह्या डोळ्यांनी कदी खोटं बघितलेलं न्हाय." तो सात्त्विक माणूस तीन दिवस राहिला. मालकांच्या पत्नीने त्याला तिन्ही दिवस पुरणाची होळिगे करून घातली. चौथ्या दिवशी सकाळी तो नव्हता. तांब्याची घागर, मालकांची नवी छत्री आणि दारातल्या चपला, हेही नव्हतं. मालक अनवाणी अंगणात उभे राहून विचार करत होते.

"मास्तरीणबाई, चोरी त्याच्या रक्तात न्हाईच," शेवटी ते म्हणाले. "आईकडनं आली असंल. बाप देवमाणूस असणार बगा."

त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, माझ्या मागे केर काढत होत्या. माझ्यापुरत्या आवाजात म्हणाल्या, "बापाचा पत्ता तरी घ्यायचा हुता. छत्री मागता आली असती."

अक्का अशा बोलत, पण नेहमी दुसऱ्याच्या पाठीआडून आणि एकालाच ऐकू जाईल एवढंच. मालकांना त्यातलं काही ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. ते घरात अक्कांना 'ऐकलं का' म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत. जेवताना वर्तमानपत्र ताटापुढे उभं धरत. अक्कांना चष्मा लागला, तो मालकांना दोन महिन्यांनी कळला, आणि तोही ते त्याच्यावर बसले म्हणून. "हे कुणाचं?" असं त्यांनी काड्या हातात धरून विचारलं. जो माणूस रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनच्या कानावरून त्याच्या आज्याचा धंदा सांगत असे, त्याने घरातला चष्मा नाकावर असताना पाहिला नव्हता. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट रंगवून सांगे आणि आम्ही हसत असू. पण मीही काही फार वेगळी नव्हते. चार वर्षांत मी अक्कांना त्यांचं नाव विचारलं नव्हतं. अक्का म्हटलं की काम भागत होतं.

माझं तिथलं चौथं वर्ष म्हणजे महिला वर्ष होतं. वरून पत्रकं आली होती आणि प्रत्येक कचेरीला, शाळेला स्त्रियांसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. आमच्या शाळेने पाककृती स्पर्धा घेतली. गावातल्या एका लहानशा संग्रहालयाने मात्र खरंच काहीतरी केलं. तिथले व्यवस्थापक म्हणजे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना पंचाहत्तरीच्या एक फोटोग्राफर बाई सापडल्या. नवऱ्याच्या मागे या बाईंनी सोलापुरात एकटीने स्टुडिओ चालवला होता, तोही फक्त बायकांसाठी. त्या काळी ह्या भागात कॅमेरा हातात धरणारी दुसरी बाई नव्हती. पुरुषांना बाहेरच्या बाकावर बसावं लागे. आत काचेच्या छताखाली बाई एकेकीचे दोन फोटो काढत. एक घरी न्यायचा, डोक्यावर पदर घेऊन फुलदाणीशेजारी. दुसरा जिचा तिला हवा तसा. त्याची निगेटिव्हची काच बाई स्वतःजवळ ठेवत. अशा दुसऱ्या फोटोंच्या शेकडो काचा त्यांच्या पलंगाखाली पेट्यांत होत्या. त्यांतले चाळीस फोटो मोठे करून भिंतीवर लावले होते.

निमंत्रणपत्रिका शाळेमार्फत माझ्याकडे आली. मालकांनी ती माझ्या हातातून घेऊन वाचली. "चेहऱ्यांचं प्रदर्शन? आन् मला सांगितलं न्हाय?"

"प्रदर्शन फोटोंचं आहे," मी म्हटलं.

"फोटोत काय असतंय मग? चेहराच की." त्यांनी टोपी घातली.

तेव्हा आतून अक्का म्हणाल्या, "मी बी येते."

सिद्धेश्वराचं दर्शन आणि नात्यातली लग्नं सोडून अक्का कुठे जात नसत. मालक क्षणभर दाराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "येऊ द्या. टांग्यात जागा हाय."

संग्रहालयाच्या दिवाणखान्यात त्या दुपारी वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत आमच्या शाळेच्या दहावीतल्या काही मुली. फोटोग्राफर बाई खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. पांढरं नऊवारी, काळ्या फ्रेमचा जाड चष्मा, हातात पंखा. भिंतीवर बायका होत्या. एक पाय जमिनीला टेकवून सायकलवर बसलेली. एक टेलिफोन कानाला लावलेली, त्याची तार हवेत लोंबत होती. एकीने वर्तमानपत्र धरलेलं, उलटं, आणि कॅमेऱ्याकडे बघून ती इतकी खुदकन हसली होती की तिला ते उलटं असल्याचं माहीत असावं. एका लठ्ठ बाईने नुसते पाय पसरून, डोळे मिटून घेतले होते. तिला कदाचित तेवढंच हवं होतं.

फोटोंखाली नावं नव्हती, फक्त आकडे. नावं सांगणार नाही असा शब्द आपण प्रत्येकीला दिला होता, असं बाईंनी व्यवस्थापकांना बजावलं होतं.

नावं नाहीत म्हटल्यावर मालकांचा आनंद गगनात मावेना. ते पहिल्या फोटोपासून सुरू झाले. "ही वकिलाची मुलगी. बाप हुशार, आई भांडकुदळ. ही कर्नाटकातनं आलेली. हिच्या घरी गूळ पिकतो. हिला मूलबाळ झालं नसणार." व्यवस्थापक आधी समजावत होते, मग गप्प झाले. माणसं मागे जमू लागली. आमच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या, पण ऐकतही होत्या. लोक ऐकतात म्हटल्यावर मालकांचा आवाज वाढला. बाई खुर्चीवरून पंखा हलवत बघत होत्या. आठव्या फोटोपाशी त्या एवढंच म्हणाल्या, "सात मुलं झाली तिला." मालकांनी ते ऐकलं नाही.

तेविसाव्या फोटोपाशी मालक थांबले.

त्या फोटोत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा खुर्चीत बसला होता. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर फेटा, मांडीवर आडवी काठी, एका पायावर दुसरा पाय. ओठांवर बारीक मिशी. आपण बसलोय ती खुर्ची आपलीच आहे आणि समोरच्याने उभंच राहायचं आहे, अशा नजरेने तो बघत होता.

"हा पोरगा बायकांत कसा?" कुणीतरी विचारलं.

"कुणाचा तरी धाकटा भाऊ असंल, संगं आलेला," मालक म्हणाले. त्यांनी टोपी मागे सरकवली, जवळ गेले, लांब आले. आतापर्यंतची सगळी तोंडं त्यांनी झटपट निकालात काढली होती. इथे त्यांनी वेळ घेतला. मग सगळ्यांकडे वळून, शाळेतल्या समारंभात बोलावं तसं बोलले, "ह्याला म्हणायचं घराणं. हितं येऊन बगा. कपाळ बगा. जबडा बगा. हे तोंड कुणाम्होरं खाली जायचं न्हाय. हा हुकूम द्यायला जन्मलाय. ह्याच्यात आईकडनं काय बी आलेलं न्हाय, समदं बापाकडनं. असा एक पोरगा आमच्या घरात निपजला असता तर पेठ हालली असती."

दोघातिघांनी माना डोलावल्या. फोटोतल्या मुलाचा रुबाब होताच तसा.

"मिशी काजळाची हाय," अक्का म्हणाल्या.

त्या मालकांच्या मागे उभ्या होत्या. आवाज नेहमीचाच, पण खोली शांत असल्यामुळे तो सगळीकडे गेला.

मालक म्हणाले, "काय?"

"मिशी. काजळाची हाय ती. मीच काढलेली."

"तू काढलेली वाकडी झाली होती," खिडकीपाशी बसलेल्या फोटोग्राफर बाई म्हणाल्या. त्यांनी पंखा मांडीवर ठेवला होता. "ती मी पुसली आणि नवी काढून दिली. किती शोधलं तुला, महादेवी. लग्नानंतर बायकांचे पत्ते लागत नाहीत."

मालकांनी फोटोकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं. दोन्हीकडे दोनदा पाहिलं. आमच्या मुलींपैकी एकीला हसू आवरेना, तिला मी दंडाला धरून बाजूला केलं. अक्कांचं नाव महादेवी आहे, हे मला तेव्हा कळलं.

"लग्नासाठी तुमच्याकडं फोटो पाठवला हुता न्हवं," अक्का मालकांना म्हणाल्या. "त्यो त्याच दिवशी काढला, ह्याच्या आदी. पदर घेऊन. मग बाई म्हणल्या, आता तुझ्या मनासारखा."

तो पहिला फोटो मालकांनी आपल्या वडिलांच्या हातातून घेऊन पारखला होता. ही गोष्ट त्यांनीच मला अनेकदा सांगितलेली. 'बघितलं आन् सांगितलं, गरीब गाय हाय, वर बघून बोलायची न्हाय. आन् तसंच निघालं.' एकाच तासात काढलेले दोन फोटो. एकातून गाय आणि दुसऱ्यातून राजा. मालकांच्या शास्त्रात हे कुठे बसवायचं ते मला कळेना, आणि मालकांनाही कळत नसावं. त्यांनी व्यवस्थापकांना बाजूला घेतलं.

"हे उतरवा. आमच्या घरातल्या बाईचा फोटो असा भिंतीवर न्हाय चालणार."

व्यवस्थापकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "जी सापडली तिला विचारूनच लावलाय. ही सापडली नव्हती. आता समोर आहे, तिला विचारा. ती म्हणाली तर आत्ता उतरवते."

मालकांनी तिथे अक्कांना विचारलं नाही. ते बाहेर गेले, टांग्यात बसले आणि एकटेच निघून गेले.

अक्का घाईत दिसल्या नाहीत. त्यांनी उरलेले सगळे फोटो पाहिले. स्वतःच्या फोटोपाशी परत गेल्या नाहीत. सायकलवालीपाशी मात्र थांबल्या. "ही माझ्या वर्गात हुती. हिनं सायकल शिकायचीच म्हणून घरात दोन दिवस अन्न सोडलं हुतं." "मग शिकली का?" मी विचारलं. "न्हाय. म्हणून तर फोटो काढला." बाईंच्या शेजारी बसून त्या तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मुलींना शाळेत पोचवायचं होतं.

संध्याकाळी मालकांनी मला खाली हाक मारली. ते पुढच्या बैठकीत लोडाला टेकून बसले होते. "मास्तरीणबाई, आत विचारा. फोटो ठेवायचा का काढायचा."

स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर होतं. मी गेले. अक्का भाकरी थापत होत्या. "त्यांना म्हणावं, हितं येऊन विचारा."

मी परत आले आणि सांगितलं. मालक म्हणाले, "भाकरी करताना काय विचारायचं? तुमी विचारा की. तुमी शिकलेल्या."

मी पुन्हा गेले. अक्कांनी तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं. "मी बी शिकलेली हाय, चौथीपत्तुर. म्हणावं, मला कळतंय विचारलेलं."

तिसऱ्या खेपेला मला स्वतःचीच लाज वाटली. विज्ञानाची पदवीधर बाई, आणि एका घरातल्या नवराबायकोमध्ये निरोप पोचवत होते. मी म्हटलं, "मालक, मी आता वर जाते." आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले, कारण मला ऐकायचं होतं.

मग मालक उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते उभे राहिलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. दोन्ही हात चौकटीला लावून, चुलीकडे बघत ते म्हणाले, "त्या फोटोचं काय करायचं?"

"वर बघून विचारा," अक्का म्हणाल्या.

मालकांनी मान वर केली. ते पाठमोरे होते, त्यामुळे त्यांच्या तोंडावर त्या वेळी काय होतं ते मला दिसलं नाही. अक्कांचं मात्र दिसलं. पीठ लागलेले हात, चष्म्यावर धुरकट वाफ, आणि तीच नजर. आपण खुर्चीत बसलोय आणि समोरच्याने उभं राहायचं आहे, तशी. मालकांना ती दिसली असावी, कारण ते दोन बोटं मागे सरकले.

"काय करायचं?" त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या आणि पुढचा गोळा मळायला घेतला.

फोटो राहिला. आठवडाभर पेठेतली माणसं तो बघायला जात होती. इथून पुढे मालक सुधारले, असं सांगायला मला आवडलं असतं. दोन दिवस ते दुकानातही गप्प होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तेलाच्या व्यापाऱ्याने 'काय रुबाब हो मालकीणबाईंचा' असं म्हटलं, तेव्हा मालक म्हणाले, "मी लांबूनच वळखलं हुतं. माणसं जमलेली, म्हटलं जरा गंमत करावी." आठवड्याअखेर तो सगळा प्रसंगच त्यांनी घडवून आणला होता, असं पेठेत मानलं जाऊ लागलं. मी तिथे होते, तरी ते मला समोर बसवूनच हे सांगत, आणि मी खोली हवेशीर असल्यामुळे मान हलवी.

प्रदर्शन संपल्यावर बाईंनी तो फोटो अक्कांना दिला. मालकांनी त्याला चांगली शिसवी चौकट करवली आणि बैठकीत, दारातून येणाऱ्याच्या नजरेस पहिला पडेल असा लावला. मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं की, हेच खरं घराणं, असं ते पंचवीस माणसांदेखत बोलून बसले होते. बायकोचा फोटो उतरवणं सोपं होतं, दिलेला निकाल उतरवणं त्यांना जमणारं नव्हतं. पेठेतल्या लोकांना ते 'वळखलं हुतं' वाली हकिकत सांगत. पण बाहेरगावच्या पाहुण्यांना ती कशी सांगणार? त्यांच्यासाठी त्यांनी निराळी तजवीज केली.

ती मला कळली सोलापूर सोडण्याच्या दिवशी. मला साताऱ्याच्या शाळेत नोकरी मिळाली होती. मी खोलीची किल्ली द्यायला बैठकीत आले, तेव्हा गुलबर्ग्याचे एक आडते आपल्या मुलाला घेऊन बसले होते. मालकांनी त्या मुलाचं तोंड उजेडात धरून बापाकडचं आणि आईकडचं वेगळं करून दिलं होतं आणि आता पाहुण्यांची नजर फोटोकडे गेली होती.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जाणारी होते.

"आमचे धाकटे चुलते," ते म्हणाले.

"काय नजर आहे. आता कुठे असतात?"

"ते आता न्हाईत. तरुणपणीच गेले."

पाहुणे हळहळले. "कोवळं वय. काय झालं होतं?"

एवढ्या लांबचा विचार मालकांनी केला नव्हता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकेक कप पाहुण्यांपुढे ठेवला, एक माझ्या हातात दिला, एक मालकांपुढे सरकवला.

"लगीन झालं त्यांचं," त्या म्हणाल्या.

मग साखर बरोबर आहे का विचारलं आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. पाहुणे कप हातात धरून पुढचं ऐकायला थांबले होते.